क्वार्टर, गाडी, उचल आणि दिवाळीचं नाणं: कर्मचाऱ्याला दिलेल्या सोयींचा आयकर मालकाने कसा हाताळावा

खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठरतो. वर्षाची रक्कम ठरते आणि त्याच बैठकीत धान्य किती, राहायला खोली कुठली, हेही बोलून घेतलं जातं. रोख आणि वस्तू मिळून मोबदला होतो, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस जळगावच्या एमआयडीसीत चटईचा कारखाना किंवा दालमिल टाकतो, तेव्हा मॅनेजरला दिलेलं क्वार्टर, घरी नेलेली गाडी, पोरीच्या लग्नासाठी दिलेली बिनव्याजी उचल हे सगळं त्याच्या लेखी 'आपुलकी'त जमा होतं. "भाऊ, हाऊ काय पगार शे का?" हा प्रश्न मी हिशेब लिहिण्याच्या इतक्या वर्षांत असंख्य वेळा ऐकलाय. आयकर कायदा म्हणतो, हो, पगारच आहे. अशा सोयींना कायद्यात पर्क्विझिट म्हणतात. त्यांची किंमत काढायची, ती पगारात मिळवायची आणि त्यावरचा कर कापून भरायचा, ही जबाबदारी मालकाची आहे.

इथे दिलेली कलमं आणि रकमा १९६१ च्या आयकर कायद्यातल्या व १९६२ च्या नियमांतल्या आहेत आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या पगाराला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा सुरू होतो. त्यात कलमांचे आकडे बदलतात, 'कर वर्ष' हा नवा शब्द येतो. त्यापुढच्या पगाराचा हिशेब करताना नव्या नियमांतल्या रकमा समोर ठेवूनच बसा.

जुने मुनीम अजूनही या विषयाला 'एफबीटी' म्हणतात. तो फ्रिंज बेनिफिट टॅक्स २००५ च्या अर्थसंकल्पातून आला, तो मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा होता, आणि २००९ मध्ये रद्दही झाला. आज कर कर्मचाऱ्याच्या उत्पन्नावर लागतो. मालक मोजतो, कापतो, भरतो आणि लेखी दाखला देतो.

आधी खतावणी उघडा, सोयींची यादी नंतर

मालकाला विचारलं, "कुणाला काय काय देता?" तर उत्तर येतं, "काही विशेष नाही." म्हणून मी विचारणं सोडलं आणि थेट खतावणीवर येतो. स्टाफ वेल्फेअर, वाहन खर्च, दिवाळी खर्च, टेलिफोन, वीज, घरभाडे, विमा हप्ते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'कर्मचारी उचल' हे खातं. प्रत्येक नोंदीपुढे लाभ कुणाला मिळाला त्याचं नाव लिहायचं.

नावं लिहिताना तीन ढीग आपोआप पडतात. पहिला पगारदार कर्मचाऱ्यांचा, हा लेख त्यांच्यापुरताच. दुसरा भागीदारांचा. खान्देशात भागीदारी फर्म भरपूर आहेत, आणि भागीदाराला मिळणारा 'पगार' आयकराच्या दृष्टीने पगार नसून धंद्याचं उत्पन्न असतं, त्यामुळे त्याचं क्वार्टर-गाडी या हिशेबात येत नाही. तिसरा ढीग डीलर आणि एजंटांचा. ठिबकच्या डीलरला गोव्याची सहल दिली, तर ती कलम १९४आर मध्ये जाते. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर असा लाभ दिला की १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर. सहलीच्या एकाच बसमध्ये सेल्समन आणि डीलर दोघं बसले असतील, तर बिलाचे दोन भाग करावे लागतात.

बिल कुणाच्या नावावर आहे?

या विषयात मला एकच प्रश्न विचारायची मुभा दिली, तर मी हा विचारीन.

समजा मॅनेजरच्या घरचं वीजबिल कंपनी भरते. मीटर मॅनेजरच्या नावावर असेल, तर बिल भरण्याची जबाबदारी त्याची होती आणि ती कंपनीने उचलली. असं देणं कुठल्याही कर्मचाऱ्याच्या बाबतीत, पगार कितीही असो, पर्क्विझिट ठरतं. मीटर कंपनीच्या नावावर असेल, तर ती कंपनीने पुरवलेली सोय ठरते आणि ती फक्त 'विनिर्दिष्ट कर्मचाऱ्या'ला करपात्र होते. घरकामाचा माणूस, माळी, गॅस, पाणी, मुलांची शाळा यांनाही हाच नियम. माणूस कुणी नेमला, शाळेशी बोलणी कुणी केली, पावती कुणाच्या नावाची, हे बघायचं.

विनिर्दिष्ट कर्मचारी तीन प्रकारचे. कंपनीचा संचालक, पगार कितीही असो. कंपनीत २० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेला. आणि ज्याचा रोख पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे तो. ही मर्यादा वर्षानुवर्षं ५०,००० रुपयांवर अडकून होती, म्हणजे साधा हेल्परही त्यात सापडायचा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ती ४ लाख रुपये झाली. आपल्याकडच्या चटई कारखान्यातले बहुतेक ऑपरेटर आणि फिटर त्यामुळे या वर्गातून बाहेर पडले. घरच्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पगारावर असलेल्या संचालक सूनबाई मात्र तिथेच राहिल्या, त्यांचा पगार महिना पंधरा हजार असला तरी.

घर, कमी व्याजाचं कर्ज, भेटवस्तू आणि जेवण हे लाभ मात्र सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागू होतात. तिथे ४ लाखांची ढाल चालत नाही.

घर

कंपनीच्या मालकीचं, आत सामान नसलेलं घर दिलं, तर किंमत शहराच्या लोकसंख्येवर ठरते, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची. ४० लाखांच्या वर असेल तर पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाख असेल तर साडेसात टक्के, त्याखाली ५ टक्के. त्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या आसपास होतं आणि धुळे पावणेचार लाखांच्या. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शिरपूर तर आणखी खाली. म्हणजे अख्ख्या खान्देशाला ५ टक्केच.

१ सप्टेंबर २०२३ पूर्वी हाच दर साडेसात टक्के होता. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तो जुना दर अजून कुठे बसलेला नाही ना, हे एकदा उघडून पाहा. मला तो दोन ठिकाणी सापडला आणि दोन्हीकडे मॅनेजर बिचारे जास्तीचा कर भरत होते.

घर कंपनीने भाड्याने घेऊन दिलं असेल, तर प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यातलं जे कमी ते. दोन्ही प्रकारांत कर्मचाऱ्याकडून घेतलेलं भाडं वजा करायचं. आत फर्निचर, फ्रिज, एसी दिले असतील, तर त्यांच्या मूळ किमतीच्या वर्षाला १० टक्के किंवा ते भाड्याने आणले असतील तर ते भाडं मिळवायचं. इथे 'पगार' म्हणजे मूळ पगार, निवृत्तीलाभांसाठी मोजला जाणारा महागाई भत्ता, बोनस, कमिशन आणि करपात्र भत्ते. मालकाचा पीएफ हिस्सा आणि इतर पर्क्विझिट त्यात धरायचे नाहीत. मूळ पगारावरच ५ टक्के लावणं ही सर्रास होणारी चूक.

तोच माणूस त्याच घरात एकाहून जास्त वर्षं राहत असेल, तर पहिल्या वर्षाच्या आकड्याला महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून जो आकडा येतो, त्याच्यावर किंमत जात नाही. पगार झपाट्याने वाढलेल्या माणसाला याचा फायदा होतो, पण त्यासाठी पहिल्या वर्षाचा कागद जपलेला हवा.

गाडी

घरून कारखान्यात आणि परत नेणारी कंपनीची बस किंवा जीप करमुक्त. भुसावळहून रोज येणाऱ्या पाळीवाल्यांची बस या हिशेबात आणू नका.

गाडी कंपनीची, वापर कामाला आणि घरी दोन्ही, पेट्रोल कंपनीचं: इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिना १,८०० रुपये, त्याहून मोठं असेल तर २,४००, आणि ड्रायव्हर असेल तर वर ९००. घरगुती फेऱ्यांचं पेट्रोल कर्मचारी स्वतः टाकत असेल तर ६०० आणि ९००, ड्रायव्हरचे ९०० वेगळेच. या मिश्र वापराच्या प्रकारात कर्मचाऱ्याकडून काही रक्कम घेतली, तरी ती वजा होत नाही. लाखोंच्या गाडीला महिना १,८०० ही किंमत तशी स्वस्तच, म्हणून मी मालकांना सांगतो की ज्या अधिकाऱ्याला गाडी खरोखर लागते त्याला ती कंपनीच्या नावानेच द्या. संपूर्ण खासगी वापराची गाडी असेल, तर प्रत्यक्ष खर्च अधिक गाडीच्या किमतीच्या १० टक्के, आणि हा आकडा फार मोठा निघतो.

गाडी फक्त कामासाठी असेल तर किंमत शून्य, पण ती शून्य सिद्ध करावी लागते. लॉगबुकात तारीख, कुठे गेलो, किती किलोमीटर आणि किती खर्च, हे चार रकाने हवेत, आणि खर्च संपूर्ण कामासाठी झाला असा मालकाचा दाखला. चोपडा, रावेर, शहादा फिरणाऱ्या विक्री अधिकाऱ्याचं लॉगबुक मार्चअखेरीस एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेलं लगेच ओळखू येतं. रोज लिहा, किंवा मग मिश्र वापर धरून १,८०० लावून मोकळे व्हा.

कर्मचाऱ्याची स्वतःची मोटरसायकल आणि पेट्रोल कंपनीचं असेल, वापर कामाला आणि घरी दोन्ही, तर प्रत्यक्ष खर्चातून महिना ९०० वजा करून उरलेलं पर्क्विझिट.

उचल

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण आपल्याकडे 'उचल' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पुढच्या महिन्याचा पगार आज दिला, तर तो आगाऊ पगार. मिळाला त्याच वर्षी करपात्र. दीड-दोन लाख दिले आणि महिन्याला ठरावीक हप्ता कापायचा ठरला, तर ते कर्ज. कर्जाची रक्कम उत्पन्न नाही, न लावलेलं व्याज मात्र लाभ आहे. म्हणून अर्ज, मंजुरीचा कागद आणि हप्त्यांचं वेळापत्रक, एवढं फाइलला असू द्या.

मोजणी अशी. वर्षाच्या १ एप्रिलला स्टेट बँकेचा त्या प्रकारच्या कर्जाचा, म्हणजे घर, वाहन किंवा वैयक्तिक कर्जाचा, जो दर असेल तो घ्या. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या शिल्लक कर्जावर त्या दराने व्याज काढा, आणि मालकाने प्रत्यक्ष घेतलेलं व्याज वजा करा. स्टेट बँकेचाच दर का, यावर बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला.

एकूण कर्ज २०,००० रुपयांपर्यंत असेल तर लाभ शून्य. नियमांत नमूद केलेल्या आजारांच्या उपचारासाठी दिलेलं कर्जही सुटतं, विम्यातून परत आलेली रक्कम सोडून. पोळ्याला किंवा दिवाळीला दिलेली दहा-पंधरा हजारांची उचल त्यामुळे सहज निघून जाते. लग्नाची उचल जात नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका कारखान्यात मॅनेजरची उचल 'इतर येणे' खात्यात टाकली गेली होती आणि मी ते खातं पाहिलंच नाही. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) वाटून झाल्यावर लक्षात आलं. मग सुधारित २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं तिमाही विवरण), नवा १२बीए (सोयींच्या किमतींचा तक्ता), महिना एक टक्का व्याज आणि मॅनेजरचा फुगलेला चेहरा. तेव्हापासून माणसांच्या नावाचं कुठलंही येणं मी उचल समजूनच वाचतो.

जेवण, दिवाळी आणि किरकोळ

कामाच्या वेळेत कारखान्याच्या आवारात दिलेल्या जेवणाचे एका वेळेला ५० रुपयांपर्यंत माफ. चहा-नाश्त्याला मर्यादा नाही. पन्नास रुपयांत आज शेवभाजीही येत नाही हे खरं, पण २०२५-२६ चा आकडा तोच आहे. कँटीनला ताट ८० रुपयांना पडत असेल आणि कर्मचाऱ्याकडून काहीच घेत नसाल, तर ३० रुपये गुणिले ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ९,००० रुपये. ताटामागे ३० रुपये कापून घेतले तर काहीच उरत नाही. जेवणाची कुपनं देत असाल, तर नव्या कर पद्धतीतल्या कर्मचाऱ्याला त्यावर सूट नाही.

भेटवस्तू वर्षभरात मिळून ५,००० रुपयांच्या आत असेल तर शून्य. रोख पाकीट मात्र पहिल्या रुपयापासून पगार. जळगाव सोन्याचं गाव, त्यामुळे दिवाळीला नाणं देण्याची हौस इथे फार. पण एक ग्रॅम सोनं आता पाच हजारांत बसत नाही, चांदीचं नाणं आणि मिठाईचा डबा बसू शकतो. मर्यादा ओलांडली तर पूर्ण रक्कम करपात्र की फक्त वरची, यावर दोन मतं आहेत. मी पूर्ण धरतो. थोडा कर जास्त गेलेला परवडतो.

कंपनीने भरलेलं मोबाइलचं बिल करमुक्त. कंपनीचा लॅपटॉप वापरायला दिला, तर शून्य. समूह आरोग्य विम्याचा हप्ता करमुक्त, पण खासगी डॉक्टरांच्या बिलांपोटी मिळणारी १५,००० रुपयांची जुनी सूट २०१८-१९ पासून गेली. पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सुपरॲन्युएशन (निवृत्तिवेतन निधी) मिळून मालकाचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला, तर वरचा भाग करपात्र. आपल्याकडे हा प्रसंग क्वचितच येतो.

जुनी वस्तू कर्मचाऱ्याला विकताना मात्र बघा. लॅपटॉप, संगणक दरवर्षी उरलेल्या किमतीच्या निम्म्यावर येतात, मोटारगाडी २० टक्क्यांनी घटत जाते, बाकी वस्तू मूळ किमतीच्या १० टक्क्यांनी. वर्षं पूर्ण झालेलीच मोजायची. ८ लाखांची गाडी तीन पूर्ण वर्षांनी ४,०९,६०० रुपयांची धरली जाते. ती मॅनेजरला अडीच लाखांत दिली, तर १,५९,६०० रुपये त्याच्या पगारात आले.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

जळगाव एमआयडीसीतला एक उत्पादन व्यवस्थापक घ्या, काल्पनिक. करपात्र रोख पगार महिना १,१०,००० म्हणजे वर्षाला १३,२०,०००. यंदाच कंपनीच्या मालकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आला. क्वार्टरचे ५ टक्के, ६६,०००. आतल्या १,२०,००० रुपयांच्या सामानाचे १२,०००. दीड लिटर इंजिनाची गाडी ड्रायव्हरसह, २,७०० गुणिले १२, म्हणजे ३२,४००. १ एप्रिलला ३ लाखांची बिनव्याजी उचल, महिनाअखेर १०,००० हप्ता. महिनाअखेरच्या शिलका २,९०,००० पासून १,८०,००० पर्यंत उतरतात, बेरीज २८,२०,०००. दर समजा ९ टक्के, तर लाभ २१,१५०. दिवाळीला ४,५०० चं चांदीचं नाणं, शून्य.

एकूण पर्क्विझिट १,३१,५५०. पगार धरून १४,५१,५५०, त्यातून नव्या पद्धतीची ७५,००० ची प्रमाणित वजावट, उरले १३,७६,५५०. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,७६,५५० वर १५ टक्क्यांनी सुमारे २६,४८३. त्यावर ४ टक्के उपकर धरून ८९,९४०. महिन्याचा टीडीएस ७,४९५.

आता सोयी विसरलो असतो तर? उत्पन्न १२,४५,०००. बारा लाखांच्या किंचित वर असल्याने सीमांत सवलतीमुळे (कर बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही) कर ४५,००० वर थांबला असता, उपकरासह ४६,८००. म्हणजे ४३,१४० रुपयांची कपात राहून गेली असती. बारा लाखांपर्यंत कर शून्य झाल्यापासून अनेक मालकांना वाटतं की हा विषयच संपला. ज्यांचा पगार या रेषेच्या आसपास आहे, त्यांच्याच बाबतीत तो सगळ्यात जास्त चावतो.

कापणं, भरणं, सांगणं

एप्रिलमध्येच वर्षाचा अंदाज काढा, सोयींसकट. कर्मचारी जुनी पद्धत घेणार असेल तर ते लेखी घ्या. काही कळवलं नाही तर नवी पद्धत. मध्येच रुजू झालेल्याकडून आधीच्या मालकाकडच्या पगाराचा फॉर्म १२बी घ्या. वर्षात काही बदललं, तर उरलेल्या महिन्यांत कपात कमी-जास्त करता येते.

सोयीवरचा कर मालकाला स्वतः भरायचा असेल, तर तशी मुभा कलम १९२(१ए) मध्ये आहे. वरच्या उदाहरणात सरासरी दर ६.५३ टक्के येतो, त्यामुळे १,३१,५५० वर सुमारे ८,५९५ रुपये. हा भरलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात येत नाही, पण मालकाला तो खर्च म्हणून वजा मिळत नाही. चांगला माणूस पुण्याला जाऊ नये म्हणून काही मालक हे करतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. २४क्यू विवरण ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. शेवटच्या तिमाहीत पगाराचा पूर्ण तपशील जातो, पर्क्विझिटचा आकडा तिथे दिसला पाहिजे. न कापलेल्या कराला महिना १ टक्का व्याज, कापून न भरलेल्याला दीड टक्का, आणि उशिराच्या विवरणाला रोज २०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत.

जीएसटीचं थोडक्यात: नोकरीच्या करारानुसार दिलेल्या सोयींवर जीएसटी नाही, आणि भेटी वर्षाला माणशी ५०,००० पर्यंत सुटतात. कँटीनच्या बिलावरचा इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) एरवी अडतो, पण २५० हून जास्त कामगार असल्याने कँटीन कायद्याने सक्तीचं असेल, तर मिळतो.

१५ जूनपर्यंत फॉर्म १६ द्यायचा, आणि पगार दीड लाखाच्या वर असेल तर सोबत १२बीए. त्यात प्रत्येक सोयीपुढे तीन आकडे असतात: नियमाने आलेली किंमत, कर्मचाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम आणि उरलेली करपात्र रक्कम. हा कागद देताना कर्मचाऱ्याला शेजारी बसवून एकदा वाचून दाखवा. क्वार्टरचे आणि उचलीचे आकडे तो पहिल्यांदाच बघत असतो, आणि त्याचे प्रश्न जूनमध्येच मिटलेले बरे, कारण जुलैत तो विवरण भरायला दुसऱ्याच कुणाकडे जातो.